पाणी हिरवं झालं म्हणजे माशांचं खाणं वाढलं का?

पलूस तालुक्यातल्या एका मुलीनं हा प्रश्न पाठवला आहे. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिचा प्रकल्प दाभोळच्या खाडीत आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या उथळ समुद्रात आहे. खतं आणि सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळं प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारक्या प्राण्यांचे, ऋतूप्रमाणं होणारे चढउतार कसे बदलतात, हा तिचा विषय. घरी हे सांगितलं तेव्हा तिचे वडील म्हणाले, "खत पाण्यात गेलं तर शेवाळ वाढणार, शेवाळ वाढलं तर ते खाणारे बारके जीव वाढणार, ते वाढले तर मासा वाढणार. मग यात बिघडलं कुठं?" वडिलांना काय सांगू आणि प्रकल्पात नेमकं काय मोजू, असं तिनं विचारलं आहे.

वडिलांचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय प्रकल्प पुढं सरकणार नाही. मी तीस वर्षं प्लवकांच्या बाटल्या हाताळतोय. त्यातली पहिली अकरा वर्षं किनाऱ्यावर गेली, पुढची इकडं मिरजेत राहून तलाव, नदी आणि मत्स्यतळ्यांवर. माझ्याकडं वाचायला आलेल्या कितीतरी प्रबंधांत हा प्रश्न विचारलेलाच नसतो. उत्तर मात्र पहिल्या पानावर गृहीत धरलेलं असतं.

वडील सांगतात ते तळ्यात खरं आहे. मत्स्यबीज वाढवणारा कुणीही हेच करतो. जिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, सोडायच्या आधी तळ्यात चुना मारतात, मग कच्चं शेण, सुपर फॉस्फेट, वर भिजवलेली शेंगदाणा पेंड. चार-पाच दिवसांत पाणी हिरवट होतं, आठ-दहा दिवसांत त्यावर तपकिरी झाक येते. ती झाक आली की समजायचं, शेवाळ खाणारे आले. ५० लिटर पाणी प्लवक-जाळीतून ओतायचं, खालच्या नळीत प्लवकांचा १ ते २ मिलिलिटर साका बसला की तळं तयार. जिऱ्याची बोटाएवढी बोटुकली होते ती या साक्यावर, आणि कटला तर मोठा झाल्यावरही मुख्यतः त्यावरच जगतो. तेव्हा पोषकद्रव्यं म्हणजे विष, असं वडिलांना सांगायला जाऊ नकोस. ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबर असेल.

फरक असा की तळ्यात खत टाकणारा हात मोजून टाकतो. पाणी चार-पाच फूट खोल, आणि साका वाढला की तो खाणारी तोंडंही आपणच मोजून सोडतो. त्यातही अंदाज चुकला तर काय होतं ते मी तासगाव भागातल्या एका तलावावर पाहिलं. गावाच्या गटारीचं पाणी त्यात येत होतं. मे महिना, पहाटेचे पाच. मासे काठाशी येऊन वरच्या वर तोंड वाजवत होते. विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर लिटरला १ मिलिग्रॅमच्याही खाली. दुपारी तोच तलाव ऑक्सिजननं फसफसलेला असायचा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ तो ओढून घेतात. जाळी ओढली तर साका भरपूर, पंधरवड्यापूर्वीपेक्षा जास्तच. पण सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर जिकडंतिकडं एकच जीव, ब्रॅकिओनस नावाचा रोटिफर, म्हणजे अगदी बारका बहुपेशीय प्राणी, आणि मधूनमधून मोइना, म्हणजे क्लॅडोसेरा गटातल्या पाणपिसवा, त्याही तांबूस झालेल्या. ऑक्सिजन कमी पडला की मोइनाच्या अंगात हिमोग्लोबिन वाढतं, म्हणून तो रंग. आधीच्या महिन्यात दिसलेले मोठे कोपेपॉड, म्हणजे झिंग्याच्या जातकुळीतले बारके जीव, जवळपास दिसेनासे झाले होते.

तुझ्या प्रकल्पाचा गाभा मला या थेंबात दिसतो. पोषकद्रव्यं वाढली की प्राणिप्लवक वाढतात की घटतात, असा प्रश्न धरलास तर दोन्हीकडून पुरावे मिळतील आणि तू गोंधळशील. विचारायचं ते असं: कोण वाढलं, कोण गेलं, आणि कोणत्या महिन्यात?

आता समुद्राकडं येऊ. उथळ समुद्रातल्या प्राणिप्लवकांत राज्य कोपेपॉडांचं. तांदळाच्या दाण्यापेक्षा कितीतरी बारीक, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतबाहेर. दोन लांब मिशा, एक डोळा, आणि पुढच्या पायांची सारखी चाललेली लगबग. अंड्यातून निघाल्यावर नॉप्लियस या पिल्लाच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइट या वाढत्या रूपाच्या सहा, त्यातली शेवटची म्हणजे प्रौढ. आपल्या किनाऱ्याच्या उबदार पाण्यात काही जाती हा सगळा प्रवास आठवडा-दीड आठवड्यात उरकतात. माशांच्या पिल्लांचं तोंड पहिल्यांदा उघडतं तेव्हा त्यात मावणारा घास म्हणजे हे नॉप्लियस. तारली, बांगडा मोठे झाल्यावरही कोपेपॉड खातात. आपल्याकडं आठवडा बाजारात सुकट म्हणून जो जवळा मिळतो, तोही याच साखळीत बसलेला. म्हणून कोपेपॉडांचा महिना चुकला की पुढं कुणाचा तरी घास चुकतो.

कोकण किनाऱ्यावर हा महिना पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर खाडीत पुराचं पाणी येतं आणि खारटपणा कोसळतो. समुद्राच्या जाती तोंडाकडं ढकलल्या जातात, वरून गोड्या पाण्यातले क्लॅडोसेरा आणि रोटिफर वाहत येतात. नदीतून येणारं नायट्रेट याच दिवसांत सर्वांत जास्त. नवखा विद्यार्थी इथं फसतो: नायट्रेट जास्त, म्हणजे शेवाळ जास्त असणार, असं धरून चालतो. पण पाणी गढूळ असतं, उजेड खाली पोचत नाही आणि प्रवाहात टिकून राहायला वेळ मिळत नाही. तेव्हा पोषकद्रव्यं आली तरी ती वापरणारा कुणी नसतो. ती वापरली जातात पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून. आधी डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ फुलतं, मागोमाग ते खाणारे कोपेपॉड. खारटपणा परत चढतो तशा समुद्रातल्या जाती एकेक करून खाडीत आत येतात. फेब्रुवारी ते मे पाणी खारट, गरम आणि बरंचसं थांबलेलं. नदीचा ओघ आटलेला, पण गावाचं सांडपाणी मात्र रोज तेवढंच. म्हणून उन्हाळ्यात खाडीत पोषकद्रव्यांचा मुख्य धनी शेत नसतं, सांडपाणी असतं, आणि त्यात नायट्रेटपेक्षा अमोनियम जास्त. नुसतं 'एकूण नायट्रोजन' असा रकाना केलास तर हा ऋतूतला फरक त्यात बुडून जाईल.

यात निसर्गाचाही मोठा हात आहे, तो वेगळा काढावा लागेल. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळं आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्टीवर खोल समुद्रातलं थंड पाणी वर सरकतं. ते पोषकद्रव्यांनी भरलेलं आणि ऑक्सिजननं रिकामं असतं. वर पावसाच्या हलक्या पाण्याचा थर बसल्यानं हवेतला ऑक्सिजन खाली उतरत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर तळाजवळचं पाणी गुदमरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं की हा सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, मुळात नैसर्गिक आहे, पण तो अधिक तीव्र होतोय, आणि जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनचा त्यात वाटा असू शकतो. तेव्हा ऑक्टोबरात खाडीच्या तोंडाशी ऑक्सिजन कमी सापडला म्हणून लगेच सांडपाण्याकडं बोट दाखवू नकोस. खाडीच्या आत आणि बाहेर एकाच दिवशी मोजलंस तर कमी ऑक्सिजनचं पाणी कुठून येतंय ते दिसेल: बाहेरून आत की आतून बाहेर.

आता पोषकद्रव्यांनी नेमकं काय बदलतं ते. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या वडिलांना द्यायचं उत्तर इथंच दडलेलं आहे.

समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या, अंगात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस सरासरी १०६ : १६ : १ या अणुप्रमाणात असतात. हे प्रमाण ठरावीक असतं असं समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली दाखवलं, नेमके आकडे पुढं पक्के झाले, त्यामुळं या प्रमाणाला त्यांचंच नाव आहे. डायटमला यावर आणखी एक वस्तू लागते, सिलिका, तीही साधारण नायट्रोजनइतकीच, कारण त्याचं कवच काचेचं असतं. युरियाच्या पोत्यात नायट्रोजन आहे, डीएपीत नायट्रोजन आणि फॉस्फरस आहे, सांडपाण्यात दोन्ही आहेत. सिलिका या खतांत नाही, सांडपाण्यातही त्या मानानं फार कमी. ती येते खडक झिजून, नदीच्या पाण्यातून. आणि नदीवर धरण बांधलं की तिथल्या थांबलेल्या पाण्यात डायटम ती वापरतात आणि मरून तळाशी बसतात, म्हणजे सिलिका धरणातच अडकते. खाली समुद्रात नायट्रोजन वाढलेला, सिलिका घटलेली. डायटमचा बहर सिलिका संपताच आटोपतो आणि उरलेला नायट्रोजन इतरांना मिळतो, म्हणजे शेपटीसारख्या धाग्यानं पोहणाऱ्या बारीक कशाभिकाधारी पेशी, डायनोफ्लॅजेलेट. पाणी हिरवंच राहतं, पण त्यातला माल बदललेला असतो.

मोठा कोपेपॉड, म्हणजे अकार्शिया किंवा पॅराकॅलॅनस, डायटमसारखा ठळक घास सहज पकडतो. दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेशी त्याच्या हातून निसटते. ती खातात एकपेशीय सिलिएट, आणि सिलिएटना खातात ओइथोनासारखे छोटे कोपेपॉड. म्हणजे साखळीत एक कडी वाढली. प्रत्येक कडीवर खाल्लेल्यापैकी ढोबळमानानं दहावा भागच पुढं जातो. शेवाळ तेवढंच, कदाचित जास्तही, आणि तरी माशापर्यंत पोचणारं कमी. वडिलांचं गणित शेवाळापर्यंत बरोबर आहे. पुढं त्यात एक अख्खी पायरी घुसते, ती काठावरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट अंड्यांची, आणि ही मला स्वतःला फार मोलाची वाटते. अकार्शिया आणि पॅराकॅलॅनस अंडी पाण्यात सोडून देतात. ती हळूहळू बुडत जातात. उथळ पाण्यात बरीच अंडी फुटायच्या आधीच तळाला टेकतात. तळाशी ऑक्सिजन असेल तर काही बिघडत नाही, एक-दोन दिवसांत पिल्लू निघतं. पण वरून पडलेलं शेवाळ कुजून तळ गुदमरलेला असेल तर ती तिथंच मरतात, नाहीतर निपचित पडून राहतात. ओइथोनाची मादी मात्र अंडी दोन पिशव्यांत, शेपटीच्या दोन्ही बाजूंना लटकवून फिरते. आई वरच्या पाण्यात पोहते, अंडीही वरच राहतात. एकाच खाडीत दोघी राहतात, तळ मेला की पहिलीचा वंश अडतो, दुसरीचा अडत नाही. टोकियोच्या उपसागरात हेच झालं. पोषकद्रव्यांचा भार वाढला तसे मोठे कोपेपॉड मागं पडले आणि ओइथोना डेव्हिसी ही अर्ध्या मिलिमीटरची जात सगळीकडं पसरली. आकड्यानं पाहिलं तर तिथं कोपेपॉड अफाट. माशाच्या बाजूनं पाहिलं तर एका मोठ्या घासाच्या जागी कित्येक बारीक घास, आणि प्रत्येकासाठी वेगळी धडपड.

तिसरी गोष्ट खाणाऱ्यांची. हिवाळ्यात कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक बघायला गर्दी करतात. ते नॉक्टिल्युका. नुसत्या डोळ्यांनी साबुदाण्याच्या कणीसारखं दिसणारं एकपेशीय. ते डायटम गिळतं आणि कोपेपॉडांची अंडीही गिळतं. मी एका नॉक्टिल्युकाच्या पोटात अकार्शियाची तीन अंडी मोजली आहेत, काचेच्या गोळीत मोहरीचे दाणे अडकावेत तशी. ते स्वतः मात्र फारसं कुणाच्या खाण्यात येत नाही. अरबी समुद्राच्या उत्तर भागात त्याचीच हिरवी जात, पोटात हिरवं शेवाळ पाळणारी, या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात मोठ्या प्रमाणात दिसू लागली आहे.

आणि काळा समुद्र. डॅन्यूबसारख्या नद्यांनी १९७० च्या दशकापासून शेतांतलं खत त्याच्या वायव्येच्या उथळ भागात आणून ओतलं. आधी नॉक्टिल्युका वाढलं, मग जेलीफिश. १९८० च्या दशकात जहाजांत तोल राखायला भरलेल्या पाण्यातून अमेरिकेकडचा निमिऑप्सिस हा जेलीफिशसारखा दिसणारा कंकतधारी जीव तिथं शिरला. खायला भरपूर आणि स्पर्धेला कुणी नाही, अशी जागा त्याला आयती मिळाली. १९८९ च्या सुमारास तो इतका माजला की प्राणिप्लवक आणि अँचोव्ही या छोट्या माशाची अंडी-पिल्लं त्यानं फस्त केली, मासेमारी बसली. १९९० नंतर पूर्व युरोपची अर्थव्यवस्था कोलमडली, खतांचा वापर एकदम घटला, पुढं १९९७ मध्ये निमिऑप्सिसला खाणारा बेरोए हा दुसरा कंकतधारी आला आणि समुद्र काही अंशी सावरला. ही शेवटची ओळ मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. भार कमी झाला की पाणी सावरू शकतं, मात्र पूर्वी होतं तसंच्या तसं होईल असं नाही.

आता तुझ्या आराखड्यातली एक चूक. तू लिहिलं आहेस की सांगली-सातारा पट्ट्यातलं उसाचं खत कोकणच्या समुद्रात पोचतं. पोचत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, कराडला तिला कोयना मिळते, हरिपूरला वारणा, आणि ती जाते पूर्वेला, आंध्र प्रदेशात हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागराला. १४०० किलोमीटरचा प्रवास, वाटेत अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. पलूसचा युरिया आधी आपल्याच बंधाऱ्यांत, मग या जलाशयांत शेवाळ होऊन बसतो. तुमच्या भागातल्या क्षारपड रानांशी आणि उन्हाळ्यात नदीत मरून तरंगणाऱ्या माशांशी त्याचा संबंध जवळचा आहे. दाभोळशी नाही.

दाभोळला जातं ते साताऱ्याचं दुसरं पाणी. कोयनेच्या शिवाजीसागरातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीला उतरतं, वीज करतं, पुढं कोळकेवाडीतून वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, त्यातलं ६७.५ टीएमसी दरवर्षी पश्चिमेकडं वळवायची मुभा. धरणाचं पाणलोट बरंचसं जंगलाचं, म्हणून या पाण्याबरोबर खताचा भार फारसा येणार नाही. पण एक मोठी गोष्ट येते: गोडं पाणी, तेही भर उन्हाळ्यात. ज्या दिवसांत कोकणातल्या इतर नद्या आटलेल्या असतात त्या दिवसांत वाशिष्ठी वाहती असते. म्हणजे तुझ्या खाडीच्या वरच्या अंगाला एप्रिलमध्ये जे गोड्या पाण्याचे रोटिफर सापडतील ते पोषकद्रव्यांमुळं आले असं लिहिण्याआधी त्या दिवशीचा खारटपणा बघ. प्लवकांचा ऋतू पाहायचा तर पाऊस आणि भरती-ओहोटीच्या जोडीला वीजनिर्मितीचं वेळापत्रकही तुझ्या वहीत हवं. प्रत्येक नमुन्याचा पहिला रकाना खारटपणाचा ठेव, नायट्रेट त्यानंतर. जाती आधी खारटपणानं निवडल्या जातात, त्यातून उरलेला फरक पोषकद्रव्यांच्या खात्यावर.

आता मोजायचं काय आणि कसं. सगळी पद्धत सांगत बसत नाही, ती पुस्तकात आहे. मी ज्यात चुकलो तेवढंच सांगतो.

किनाऱ्यावर काम करायला लागून दुसरंच वर्ष होतं. शहराचं सांडपाणी येणाऱ्या एका खाडीत आणि शेजारच्या स्वच्छ खाडीत मी २०० मायक्रॉनची जाळी प्रत्येकी दहा मिनिटं ओढली. बोटीचा वेग आणि वेळ यावरून गाळलेलं पाणी काढलं, मोजणी केली. सांडपाण्याच्या खाडीत प्राणिप्लवक निम्म्याहून कमी. मी मोठ्या उत्साहानं अहवाल लिहिला. माझ्या वरिष्ठांनी एकच विचारलं, "जाळी वर आली तेव्हा हाताला कशी लागली?" बुळबुळीत, तपकिरी, पाणी निथळत नव्हतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच शेवाळानं भोकं बुजली होती, पुढचं पाणी जाळीच्या तोंडावरून बाजूला ढकललं जात होतं. मी गाळलेल्या पाण्याचा आकडा कित्येक पटींनी फुगवला होता आणि म्हणून जीव कमी दिसत होते. हिरव्या पाण्यात जाळी बुजतेच. म्हणजे तुझा विषयच तुझं मोजमाप बिघडवणार आहे. जाळीच्या तोंडात प्रवाहमापक लाव, हिरव्या पाण्यात ओढ छोटी ठेव, दोन-दोन मिनिटांच्या चार ओढी एका लांब ओढीपेक्षा बऱ्या. हिशेबाला सोपं म्हणून: ३० सेंटिमीटर व्यासाची जाळी १०० मीटर ओढली, बुजली नाही, तर सुमारे ७ घनमीटर पाणी गाळलं जातं. प्रवाहमापक त्याच्या निम्मं दाखवत असेल तर ती ओढ टाकून दे आणि पुन्हा घे.

याहून मोठी गोष्ट भोकाच्या मापाची. २०० मायक्रॉनच्या जाळीतून ओइथोना, नॉप्लियस आणि रोटिफर बहुतांशी निसटून जातात. अतिपोषित पाण्यात वाढतात ते हेच. तेव्हा नुसती २०० ची जाळी वापरलीस तर तुझा निष्कर्ष येईल, "पोषकद्रव्यांनी प्राणिप्लवक घटले." नुसती ६४ ची वापरलीस तर येईल, "वाढले." दोन्ही प्रबंध लिहिले गेले आहेत, आणि दोघांनी एकमेकांना खोडलंय. तू एकाच ठिकाणी, एकाच वेळी दोन्ही जाळ्या ओढ आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांड. मोठे किती, बारके किती हे गुणोत्तर महिन्यामहिन्याला काढ. माझ्या मते तुझ्या प्रकल्पातला हा सर्वांत बोलका आलेख होईल.

जमलं तर आणखी एक प्रयोग कर, याला महाग उपकरण लागत नाही. ताज्या नमुन्यातून अकार्शियाच्या दहा-बारा जिवंत माद्या पिपेटनं निवड. खाडीतलंच पाणी बारीक जाळीतून गाळून बीकरमध्ये घे, त्यात जाळीचा तळ असलेली नळी उभी कर आणि माद्या त्या नळीत सोड. अंडी जाळीतून खाली पडतात. नाहीतर त्या आपलीच अंडी खातात. चोवीस तासांनी अंडी मोज, पुढच्या दोन दिवसांत किती फुटली ते मोज. खाडीच्या आत, तोंडाशी आणि बाहेर, तिन्ही ठिकाणच्या पाण्यात हे कर. क्लोरोफिल, म्हणजे शेवाळाचं हिरवं द्रव्य, जास्त आणि अंडी कमी, असं जिथं दिसेल तिथं पाणी हिरवं असूनही खाणं निकस आहे याचा पुरावा तुझ्या हातात असेल. अंडं सुमारे ८० मायक्रॉनचं असतं, साध्या सूक्ष्मदर्शकाला नीट दिसतं.

महिन्याला एक नमुना पुरेल का, असं तू विचारलंस. बाकीच्या महिन्यांत पुरेल. पण ज्या जिवाची पिढी दीड आठवड्यात पुरी होते त्याचा पावसानंतरचा चढ महिन्यातून एकदा जाऊन सापडत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दर आठवड्याला जा. कराडवरून कुंभार्ली घाटानं उतरून जायचं म्हणजे दरवेळी दोन दिवस मोडणार, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मे-जूनचे दोन नमुने कमी केलेस तरी चालेल. आणि दरवेळी भरतीची वेळ तीच धर. एकदा भरतीला, एकदा ओहोटीला गेलीस तर दोन वेगळी पाणी मोजशील.

वडिलांना द्यायचं उत्तर आता तुझ्या लक्षात आलं असेल. त्यांना तळ्यापासून सुरुवात करून सांग. त्यांचं गणित तुझ्या दोन जाळ्यांनी दाखव: या बाटलीत मोठे, या बाटलीत बारके, मासा यातलं काय खाईल ते तुम्हीच सांगा. आणि खताचा हिशेब त्यांच्याच उसाचा मांड. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर सुमारे ८७० किलो, म्हणजे ४५ किलोची एकोणीस-वीस पोती. पाट भरून पाणी सोडलं तर त्यातलं पिकाला लागतं निम्म्याहून कमी, बाकीचं हवेत, जमिनीखाली आणि ओढ्यात जातं. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टची, त्यामुळं नत्राचा मोठा हप्ता परतीच्या पावसाच्या तोंडावर येतो. तो ठिबकमधून थोडा थोडा दिला तर पोती वाचतात, ओढाही वाचतो. त्यांच्या रानाच्या ओढ्याचं पाणी एका बाटलीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बघू दे. ब्रॅकिओनस तिथंही सापडेल.

पहिल्या ओढीचे नमुने आले की मोजणीचा तक्ता मला पाठव. बाटलीत बोरॅक्स घातलेलं ४ ते ५ टक्के फॉर्मेलिन हवं, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाक, जाड कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली: तारीख, ठिकाण, भरतीची वेळ, जाळीचं माप, प्रवाहमापकाचा आधीचा आणि नंतरचा आकडा.